आधी संशय, मग विसर

ऑगस्टे डेटर या बाईला २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. नवरा रेल्वेत कारकून. घर बिघडायला सुरुवात झाली ती विसरण्याने नव्हे. तिला नवऱ्याचा संशय येऊ लागला. विसर मागून आला. मग ती स्वतःच्याच घरात चुकू लागली, वस्तू इकडून तिकडे नेऊन दडवू लागली, आपल्याला कुणीतरी मारणार म्हणून ओरडू लागली. रुग्णालयात तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी हे सगळं बारकाईने टिपून ठेवलं. कधी ती त्यांना घरी आलेला पाहुणा समजे आणि अजून कामं आवरली नाहीत म्हणून माफी मागे. कधी हा माणूस मला कापणार म्हणून किंचाळे. कधी तो आपल्या अब्रूवर उठलाय अशा समजुतीने त्यांना हाकलून देई. अंथरूण-पांघरूण ओढत फिरे, नवऱ्याला आणि मुलीला हाका मारी.

८ एप्रिल १९०६ रोजी ती गेली. अल्झायमर तेव्हा म्युनिकमध्ये होते. तिचा मेंदू तिकडे पाठवला गेला, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगनच्या सभेत त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले पेशींमधले गुंते आणि पेशींबाहेरची पुटं यांचं वर्णन केलं. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

या आजाराच्या पहिल्या रुग्णाचं पहिलं लक्षण भ्रम हे होतं, ही गोष्ट पुढे जवळपास पुसली गेली. वैद्यकाचं लक्ष गुंत्यांकडे आणि पुटांकडे गेलं, चाचण्या स्मरणाच्या झाल्या. आज वार कोणता, तीन शब्द सांगतो ते पाच मिनिटांनी परत सांगा, शंभरातून सात वजा करत जा. मराठीतही नाव रूढ झालं ते स्मृतिभ्रंश. या नावाने घरच्यांची मोठी फसगत होते असं मला वाटतं. आई विसरणार याची ते मनाची तयारी करतात. आई आपल्याला चोर म्हणेल, याची तयारी त्यांच्याकडून कुणी करून घेतलेली नसते.

मनोविकाराची लक्षणं हा या आजाराचा गाभ्याचा भाग आहे, हे वैद्यकाने पुन्हा मान्य करायला ऐंशी वर्षं गेली. १९८७ मध्ये बॅरी राइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी या लक्षणांसाठी खास मोजपट्टी केली. १९९४ मध्ये जेफ्री कमिंग्स यांची प्रश्नावली आली, आज जगभर बहुतेक अभ्यासांत तीच वापरतात. भ्रम, भास, चिडचिड, उदासी, भीती, निरुत्साह अशी दहा आणि नंतर झोप व भूक धरून बारा क्षेत्रं त्यात आहेत. प्रश्न रुग्णाला विचारायचे नाहीत, सांभाळणाऱ्याला विचारायचे. पुढे त्यात आणखी एक प्रश्न जोडला गेला: या लक्षणाचा तुम्हाला किती त्रास होतो? साधा प्रश्न, पण तो विचारला की कित्येक सुना-मुली तिथेच रडायला लागतात. १९९६ मध्ये वृद्धांच्या मनोविकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या सगळ्या लक्षणांना मिळून एक सामाईक नाव दिलं.

प्रमाण किती? २००५ मध्ये रोपाकी आणि जेस्ते यांनी ५५ अभ्यास एकत्र तपासले. अल्झायमरच्या सुमारे ३६ टक्के रुग्णांत भ्रम आणि १८ टक्क्यांत भास आढळले. अमेरिकेतल्या युटा राज्यात कॅश काउंटीमधल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा पाच वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ९७ टक्के लोकांमध्ये कधी ना कधी यातलं एखादं तरी लक्षण दिसलं. म्हणजे यातलं काहीच न होणारा रुग्ण हाच अपवाद.

आता भ्रमांकडे. सगळ्यात जास्त आढळतो तो चोरीचा.

माझ्या आत्याच्या सोन्याच्या पाटल्या चाळीस वर्षं तिच्या हातात होत्या. सत्तरी उलटल्यावर ती त्या काढून ठेवू लागली, कुणी नेऊ नयेत म्हणून. मग दुपारी हात मोकळे दिसले की आकांत. "माझ्या पाटल्या हिनंच घेतल्या," हे वहिनीच्या, म्हणजे तिच्या सुनेच्या तोंडावर, शेजाऱ्यांसमोर, फोनवर वहिनीच्या नणंदांना. पाटल्या कधी तांदळाच्या डब्यात सापडत, कधी उशीच्या अभ्र्यात, एकदा देवघरात पोथीच्या फडक्यात गुंडाळलेल्या. सापडल्या की आत्या म्हणे, "घाबरून परत आणून ठेवल्यास होय?" वहिनीने तिला सात वर्षं न्हाऊ-माखू घातलं होतं. नणंदांनी मात्र त्या फोननंतर वहिनीशी बोलणं कमी केलं. भ्रम आत्याचा होता, पण घरात त्यावर विश्वास ठेवणारी शहाणी माणसंही निघाली.

आत्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर आरोपात एक तर्क आहे. पाटल्या आपल्या आहेत ही जुनी आठवण शाबूत आहे. त्या सकाळी डब्यात ठेवल्याची आठवण मेंदूत उमटलीच नाही, कारण नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस भागालाच आजाराने आधी धरलेलं असतं. वस्तू होती, आता नाही, आणि मी तर हात लावलेला नाही. मग उरतं काय? घरात वावरणारं कुणीतरी. आपण विसरतो, ही जाणीवही याच आजारात जाते, म्हणून "मी कुठे ठेवल्या असतील" हा प्रश्न पडतच नाही.

पण विसराने सगळं उलगडत नाही. तितकंच विसरणारी कित्येक माणसं कुणावर आळ घेत नाहीत. मेंदूची चित्रं घेणाऱ्या अभ्यासांत भ्रम असलेल्या रुग्णांमध्ये कपाळामागच्या भागाचं, विशेषतः उजव्या बाजूचं काम मंदावलेलं वारंवार आढळलं आहे. मनात आलेली कल्पना खरी का खोटी हे तपासून बघण्याचं काम बरंचसं तिथे चालतं. काही कुटुंबांत अल्झायमर झालेल्या भावंडांना भ्रमही होताना दिसतात, म्हणजे त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असावा. आणि ज्यांना भ्रम-भास होतात त्यांची बुद्धी सरासरीने इतरांपेक्षा लवकर ढासळते. तेव्हा भ्रम म्हणजे स्वभाव नव्हे आणि मनातला जुना राग बाहेर येणंही नव्हे. मेंदूत आजार कुठवर पोचला आहे, याची ती खूण आहे.

इथे आपल्या भाषेबद्दल बोलायला हवं. मराठीत या अवस्थेसाठी शब्द आहेत, पण ते माणसालाच दोष देतात. साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ. सत्तरीतल्या नवऱ्याला बायकोचं बाहेर काही आहे असं वाटू लागलं, की शेजारपाजारी याच शब्दांत निकाल लागतो. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईवर दूधवाल्यावरून, पेपरवाल्यावरून आळ येतात. ती लाजेने डॉक्टरांनाही सांगत नाही. ऑगस्टे डेटरचं पहिलं लक्षण हेच होतं, एवढं जरी तिला कुणी सांगितलं असतं तरी तिची निम्मी लाज गेली असती. हा भ्रम मारहाणीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तो डॉक्टरांपासून लपवू नये.

बाकीचे भ्रम ओळखीच्या धाग्यांवर चालतात. हे घर माझं नाही, मला घरी सोडा. हे सांगणारी बाई राहत्या घरातच उभी असते, आणि तिला हवं असलेलं घर बहुधा लहानपणचं असतं, जिथे आई चुलीपाशी बसलेली आहे. माळ्यावर किंवा मागच्या खोलीत कुणीतरी येऊन राहतं, जेवण चोरून खातं. टीव्हीवरचा बातमीदार घरात शिरलाय, त्याच्यासमोर कपडे कसे बदलायचे? आरशातली म्हातारी कोण, आणि ती माझ्याकडे अशी का बघते? काही घरांत संध्याकाळनंतर न्हाणीघराच्या आरशावर टॉवेल टाकावा लागतो तो यासाठी. आणि सगळ्यात जीवघेणा तो भ्रम, ज्याचं वर्णन १९२३ मध्ये जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने केलं. हा माझ्या मुलासारखा दिसतो, पण माझा मुलगा नाही, कुणी तोतया आहे. चेहरा ओळखला जातो, पण तो पाहिल्यावर जी माया दाटून यायची ती येत नाही. मेंदू मग त्या उणिवेचा अर्थ असा लावतो, असं एक स्पष्टीकरण आहे.

कातरवेळ हा शब्द मराठीत कधीचा आहे. दिवेलागणीला जीव कासावीस होणं आपल्या भाषेला माहीत होतं. अल्झायमरमध्ये तेच टोकाला जातं. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसाचा थकवा चढतो, मेंदूतलं झोपेचं घड्याळ बिघडलेलं असतं, आणि चारनंतर येरझारा, दाराची कडी काढणं, "चला, उशीर झाला" सुरू होतं. दिवे लवकर लावा, दुपारची झोप आटोपती ठेवा, सकाळी उन्हात बसवा, चहा संध्याकाळचा टाळा. एवढ्याने पुष्कळ घरांत फरक पडतो.

निरुत्साहाबद्दल थोडंच लिहितो, कारण त्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही. सगळ्या लक्षणांत बहुधा हाच सर्वाधिक आढळतो. आजोबा दिवसभर खुर्चीत बसून राहतात, काही मागत नाहीत. घर त्याला शांतता समजतं.

डॉक्टरकडे जाताना एक फरक घरच्यांनी स्वतः ओळखायला शिकावं. भ्रम आठवड्या-महिन्यांत हळूहळू वाढला असेल तर तो आजाराचा. कालपर्यंत बरा असलेला माणूस आज अचानक भलतंच बोलू लागला, गुंगीत गेला, मधूनच शुद्धीत आल्यासारखा वाटला, तर शरीरात काहीतरी नवं बिघडलं आहे. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम घटणं, किंवा नुकतंच सुरू झालेलं एखादं औषध. सर्दीच्या काही गोळ्या, लघवीच्या घाईवरच्या काही गोळ्या आणि हातपायांच्या कंपावरची काही औषधं मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीनवर घाला घालतात. अल्झायमरमध्ये ते रसायन आधीच कमी पडलेलं असतं. मोतीबिंदू आणि बहिरेपण यांचाही मोठा हात असतो. नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, तेव्हा संशयाला जागा होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन "आता या वयात कशाला" म्हणून पुढे ढकलणाऱ्या घरांना हे सांगावंसं वाटतं.

आणखी एक फरक जिवावर बेतणारा आहे. सुरुवातीपासूनच अंगणात मुलं, घरात मांजरं, कोपऱ्यात माणसं स्पष्ट दिसतात, चाल आखडते, लक्ष कधी ठीक तर कधी नाही, असं असेल तर आजार अल्झायमरचा नसून लेवी बॉडीचा असू शकतो. लेवी बॉडी म्हणजे मेंदूच्या पेशींतले गोळे. ते शोधणारे फ्रिट्झ लेवी म्युनिकला अल्झायमर यांच्याच प्रयोगशाळेत काम करत, आणि १९१२ मध्ये त्यांनी या गोळ्यांचं वर्णन केलं. अशा रुग्णाला भ्रमांवरचं हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर माणूस लाकडासारखा ताठरू शकतो, दगावूही शकतो. निम्म्यापर्यंत रुग्णांमध्ये अशी तीव्र प्रतिक्रिया दिसली आहे.

आता औषधांचा इतिहास. तो सविस्तर सांगायला हवा, कारण आपल्याकडे तो रोज नव्याने घडतो आहे.

स्किझोफ्रेनियासाठी निघालेली औषधं वृद्धांच्या भ्रमांवर वापरणं सोयीचं होतं. वृद्धाश्रमांत ती सर्रास दिली जाऊ लागली. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने १७ चाचण्यांचा हिशेब मांडला. यातली नवी औषधं घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे ४.५ टक्के, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत सुमारे २.६ टक्के. धोका दीडपटीहून जास्त. बहुतेक मृत्यू हृदयविकाराचे किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाचे. वेष्टनावर काळ्या चौकटीत इशारा छापणं सक्तीचं झालं, आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू झाला. २००६ मध्ये ४२१ रुग्णांवरच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत ओलान्झापिन, क्वेटिआपिन आणि रिस्पेरिडॉन तपासली गेली. जो थोडा फायदा दिसला तो दुष्परिणामांनी खाऊन टाकला. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे आकडे आले. काही महिने आधीपासून ही औषधं घेणाऱ्यांपैकी निम्म्यांची औषधं सोडवून त्यांना साखरेच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन वर्षांनी साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के जिवंत होते, औषध चालू ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के.

त्याच वर्षी सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश सरकारसाठी अहवाल लिहिला. त्यांच्या अंदाजाने ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाचे १ लाख ८० हजार रुग्ण ही औषधं घेत होते. खरा फायदा होत होता सुमारे ३६ हजारांना. दरवर्षी अंदाजे १,८०० जादा मृत्यू आणि साधारण तितकेच पक्षाघातासारखे झटके. त्यानंतर तिथे हे प्रमाण बरंच खाली आलं. रिस्पेरिडॉनला परवानगी उरली ती फक्त दुसरं काही चालत नसेल आणि इजा होण्याचा धोका असेल तेव्हा, तीही सहा आठवड्यांपर्यंत.

आपल्याकडे मी पाहिलेलं चित्र वेगळं आहे. चिठ्ठी एकदा लिहिली जाते आणि तीच दाखवून दुकानातून गोळ्या वर्षानुवर्षं येत राहतात. कुणी थांबवा म्हणत नाही, कारण रात्री झोप लागते, सगळ्यांनाच. मला त्या घरच्यांना दोष द्यायचा नाही. पाच रात्री सलग जागलेली सून काय करेल? औषधाची गरज कधी कधी असतेच. म्हातारा माणूस रस्त्यावर धावत सुटतो, सुरी घेऊन उभा राहतो, तेव्हा लहान डोसात, ठरावीक मुदतीसाठी, धोका सांगून औषध देणं योग्यच आहे. मुदत संपल्यावर परत बघायचं, एवढा भाग आपल्याकडे गळून पडतो. त्यासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर थांबवण्याची तारीख लिहावी.

नवी औषधं फारशी नाहीत. सिटॅलोप्रॅमने चिडचिड कमी झाल्याचं २०१४ मधल्या एका चाचणीत दिसलं, पण त्या डोसाला हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडू शकतो. पिमावॅनसेरिनला अल्झायमरमधल्या भ्रमांसाठी अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी नाकारली गेली. मे २०२३ मध्ये ब्रेक्सपिप्रॅझोलला परवानगी मिळाली, तीही भ्रमासाठी नाही, अस्वस्थपणासाठी, आणि काळ्या चौकटीतला इशारा त्यावरही आहेच.

या सगळ्याहून मला जास्त मोलाचा वाटतो तो २०११ मध्ये छापून आलेला नॉर्वेमधला अभ्यास. १८ वृद्धाश्रमांतल्या ३५२ अस्वस्थ रुग्णांपैकी निम्म्यांना पायरीपायरीने वेदनाशामकं दिली, सुरुवात साध्या पॅरासिटॅमॉलपासून. आठ आठवड्यांत त्यांचा आरडाओरडा, ढकलाढकली १७ टक्क्यांनी उतरली. गुडघा दुखतोय हे सांगायला शब्द उरलेले नव्हते, म्हणून ते अंघोळीच्या वेळी हात उगारत होते. आपण त्यालाच वेड म्हणत होतो.

हे दुखणं हुडकण्याचं काम शेवटी घरातच होतं. भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. बहुतेकांना घरचीच माणसं सांभाळतात. गोव्यात तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत अमित डायस आणि सहकाऱ्यांनी जे केलं ते म्हणूनच आपल्या कामाचं आहे. त्यांनी स्थानिक, कोकणी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन ८१ कुटुंबांपैकी निम्म्यांच्या घरी सहा महिने पाठवलं. आजार काय आहे ते सांगायचं, वागण्यामागचं कारण शोधायला शिकवायचं, गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. २००८ मध्ये निकाल छापले. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, लक्षणांमुळे होणारा त्रास कमी झाला. लक्षणं स्वतः तितकी कमी झाली नव्हती. त्याच भ्रमाबरोबर, त्याच घरात राहणं सुसह्य झालं, कारण तो कुठून येतो ते कळलं.

भ्रमाशी वाद घालू नये, हे आता सगळेच सांगतात. ते करणं किती अवघड आहे हे कमी जण सांगतात. "मी नाही घेतल्या" हे सत्य आहे आणि ते न बोलता गप्प बसणं म्हणजे चोरीची कबुली दिल्यासारखं वाटतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात हे फार नेमकं दिसतं. त्यातले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत निघून जातात. भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. शास्त्रींची उच्चशिक्षित मुलगी वडील पूर्वी कोण होते ते धरून ठेवण्यासाठी झगडते. अमृता सुभाषने केलेली माहुताची बायको त्यांना आज जसे आहेत तसे जेवू घालते, निजवते. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाह्नू बरुआंच्या 'मैंने गांधी को नहीं मारा' मध्ये निवृत्त प्राध्यापकाला आपण गांधींचे खुनी असल्याचा भ्रम होतो, आणि घरचे खोटं न्यायालय उभारून त्याला निर्दोष ठरवतात. चित्रपट म्हणून ते पटतं. खऱ्या आयुष्यात तो निकाल तिन्हीसांजेपर्यंत विसरला जाईल आणि खटला पुन्हा सुरू होईल.

वहिनीने तो निकाल रोज दिला. पाटल्यांसारख्याच एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याच्या दोन जोड्या तिने आणल्या, खऱ्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्या. दुपारी आकांत सुरू झाला की हातातलं काम टाकून म्हणायची, "आई, चला, दोघी मिळून शोधू." घेतल्या नाहीत असंही म्हणायचं नाही, घेतल्या असंही नाही. शोधता शोधता आत्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागे आणि पाटल्या विसरून जाई.

ही युक्ती सापडण्याआधीची एक गोष्ट मात्र राहून गेली. दिवसाच्या मदतीला ब्यूरोतून एक बाई येत असे. तिच्या तिसऱ्या महिन्यात पाटल्या तीन दिवस सापडल्या नाहीत. वृद्धांची लूट खरोखरही होते, ब्यूरोच्या माणसांकडून होते, घरच्यांकडूनही होते. म्हणून प्रत्येक आरोप भ्रम समजून सोडून देता येत नाही, एकदा नीट बघावंच लागतं. आमच्या घराने बघितलं नाही. सून नव्हे तर बाहेरची बाई, एवढ्यावरच सगळ्यांना हायसं वाटलं. तिची पिशवी अंगणात सगळ्यांसमोर उलटी केली गेली. तिला महिना भरू न देता काढलं. चौथ्या दिवशी पाटल्या तुरडाळीच्या डब्यात निघाल्या. वहिनीने ब्यूरोला फोन लावला. ब्यूरोने सांगितलं, चोरीची तक्रार आली म्हणून आम्ही तिचं नाव यादीतून काढलं, ती आता कुठे असते माहीत नाही.